नववा प्रश्न : सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतल्या प्रकल्पाची वही

२ डिसेंबर, सोमवार

मॅडमनी वहीचे नियम सांगितले. नोंद त्याच दिवशी लिहायची, पेनने लिहायची, खोडायचं असेल तर एक रेघ मारायची म्हणजे खालचं वाचता येईल. तृतीय वर्षाचा प्रकल्प दोघींचा मिळून आहे, मी आणि माझी वर्गमैत्रीण. वही मी लिहिणार.

विषय मी सुचवला. दादा चौथं वर्ष सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. खोली, मेस, अभ्यासिका आणि पुन्हा खोली, एवढंच त्याचं जग. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अभ्यासिकेचे दिवे चालू असतात. म्हणून विषय लिहिला, 'अपुऱ्या झोपेचा स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या मनःस्थितीवर होणारा परिणाम'.

मॅडमनी 'परिणाम' या शब्दाखाली रेघ ओढली. "एकदाच फॉर्म भरून घेणार ना? मग परिणाम कसा कळणार?" झोप कमी म्हणून मन खचतं, की मन खचलंय म्हणून झोप लागत नाही? की निकाल लांबलाय आणि घरून पैसे यायचे थांबलेत म्हणून दोन्ही बिघडलंय? एका वेळच्या पाहणीतून एवढंच दिसतं की दोन गोष्टी सोबत वाढतात किंवा सोबत घटतात. कोण कोणाला ढकलतंय ते दिसत नाही. हे प्रथम वर्षाला परीक्षेत लिहून आलोय आम्ही, आणि तरी शीर्षकात चुकलो. आता शब्द 'संबंध'.

५ डिसेंबर

मनःस्थितीसाठी पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं विचारणारी प्रश्नावली ठरली. क्रोन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी २००१ मध्ये मांडलेली, वापरायला मोफत. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती वेळा झाला, एवढंच विचारायचं. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढे तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं असं मानतात. इथे मॅडम थांबल्या आणि आमच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं की ही चाळणी आहे, निदान नाही. गाळून वर राहिलेल्या प्रत्येकाला आजार आहे असं नसतं आणि खाली गेलेला प्रत्येक जण बरा आहे असंही नसतं.

झोपेसाठी आमचे साधे तीन प्रश्न : किती वाजता पडता, झोप लागायला किती वेळ लागतो, किती वाजता उठता.

रात्री वर्गमैत्रिणीचा फोन. तिला एक गोष्ट सापडली जी माझ्या अजिबात लक्षात आली नव्हती. पीएचक्यूचा तिसरा प्रश्न झोपेबद्दलच आहे! म्हणजे एका बाजूला झोप आणि दुसऱ्या बाजूलाही थोडी झोपच. संबंध दिसणारच, कारण आपण झोप झोपेशी ताडून पाहतोय. उपाय असा ठरला की तिसरा प्रश्न धरून एक बेरीज आणि वगळून दुसरी. गणित दुप्पट, पण त्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

९ डिसेंबर

पूर्ण दिवस भाषेत गेला.

प्रश्नावलीची मराठी आवृत्ती तयार मिळते, तिला हात लावायचा नाही. लावला तर ती वेगळी प्रश्नावली होते आणि इतरांच्या गुणांशी तुलना करता येत नाही. दादाला काही प्रश्न वाचून दाखवले. म्हणाला, "हे पेपरात आल्यासारखं वाटतंय. आमच्यात कोणी असं बोलत नाही." त्यांच्यात सगळ्याला एकच शब्द आहे, टेन्शन. जेवण जात नाही, टेन्शन. घरी फोन करावासा वाटत नाही, टेन्शन. दोन दिवस आंघोळ केली नाही, तेही टेन्शन. एका शब्दात एवढं कोंबलं की आत काय आहे ते बोलणाऱ्यालाही दिसेनासं होतं. नऊ प्रश्नांचा निदान एवढा उपयोग आहे की ते गाठोडं सोडून एकेक वस्तू बाहेर ठेवतात.

संमतीपत्र मात्र आमचं. पहिला मसुदा असा : 'सदर संशोधनातील सहभाग ऐच्छिक असून सहभागी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्यास मुक्त आहे.' मॅडम म्हणाल्या, तुमच्या आजीला वाचून दाखवा. फोनवर दाखवला. आजी म्हणाली, "बाळा, सही कुठं करायची तेवढं सांग." अगदी हेच व्हायला नको होतं. समजून न घेता केलेली सही म्हणजे संमती नाही.

दुसरा मसुदा : 'भरायचं की नाही हे तुम्ही ठरवा. नाही भरलंत तरी कोणी विचारणार नाही. मधेच थांबलात तरी चालेल. एखादा प्रश्न नको वाटला तर सोडा. नाव लिहू नका. कोणी काय लिहिलं हे आम्हालाही कळणार नाही.'

हे शेवटचं वाक्य मी लिहिलं. लिहून फार बरं वाटलं होतं.

१२ डिसेंबर

नीतिमत्तेचा धडा वाचून मॅडमना तोंडी सांगायचा होता. मिलग्रॅमचा प्रयोग, येल विद्यापीठ, १९६१. कोणी नुसतं सांगितलं म्हणून माणसं दुसऱ्याला विजेचे झटके देत कुठवर जातात, ते पाहायचं. पहिल्या प्रसिद्ध निकालात ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. झटके खोटे होते, पण त्या माणसांचा घाम खरा होता. वॉटसन आणि रेनर, १९२०, लहानगा अल्बर्ट. पांढरा उंदीर दाखवून मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा, असं करून बाळाला उंदराची भीती बसवली. माझ्या मनातून एकच गोष्ट जात नाही : भीती बसवल्यावर ती काढली नाही. बाळ ती भीती घेऊनच निघून गेलं. सध्याचे नियम, आपल्याकडचे आयसीएमआरचे (वैद्यकीय संशोधन परिषदेचे) २०१७ चे धरून, अशा निघून गेलेल्या माणसांच्या मागे उभे राहिलेत.

१६ डिसेंबर

अभ्यासिकेच्या काकांकडे परवानगीसाठी गेलो. (ही दादाची अभ्यासिका. दादाला मात्र फॉर्म द्यायचा नाही असं ठरलंय, कारण मी त्याची बहीण.) काका मनाने चांगले आहेत, पोरांची फी दोन-दोन महिने थांबवतात. लगेच म्हणाले, "कधीही या. मी सगळ्यांना सांगतो, भरायचंच आहे. फक्त कोणाला जास्त टेन्शन आहे ते मला गुपचूप सांगा, मी समजावतो त्याला."

दोन्ही गोष्टींना नाही म्हणावं लागलं. ज्याच्या हातात खुर्ची आणि फी आहे त्याने 'भरायचंच' म्हटलं की ती विनंती राहत नाही. मिलग्रॅमच्या प्रयोगात करड्या कोटातला माणूस नुसतं 'कृपया पुढे चालू ठेवा' म्हणायचा. काकांना तो प्रयोग सांगितला नाही, पण मला तोच आठवत होता. दुसरं, नावं आम्हालाच कळणार नाहीत तर तुम्हाला कुठून देऊ? काका जरा नाराज झाले. "मग उपयोग काय याचा?" याचं नीट उत्तर आमच्याकडे नव्हतं. शेवटी परवानगी दिली.

१८ डिसेंबर

सहा जणांवर आधी करून पाहिलं. वेळ सात-आठ मिनिटं. शेजारी-शेजारी बसल्यामुळे प्रत्येक जण डाव्या हाताने फॉर्म झाकत होता, परीक्षेत झाकतात तसा. एकाने विचारलं, "पास व्हायला किती लागतात?" तो खरंच विचारत होता. चार वर्षं कट-ऑफ बघणाऱ्याला कुठलाही कागद पेपरच वाटणार. आता फॉर्म पाकिटात द्यायचा, कुठेही बसून भरायचा आणि जिन्याखालच्या पेटीत टाकायचा.

मॅडमनी विचारलं, नवव्या प्रश्नाचं काय? नववा प्रश्न मरून गेलेलं बरं असं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. तो वगळून आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ पण आहे आणि संशोधनात चालते. मी म्हणाले, नको, हाच तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, तो गाळला तर आपणही लपवाछपवी करतोय. खाली टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर छापू. मॅडमनी थोडा विचार करून हो म्हटलं.

६ जानेवारी, सोमवार

४० पाकिटं वाटली. रात्री अकरापर्यंत पेटीत ३१ आली.

७ जानेवारी

संध्याकाळी वर्गमैत्रिणीच्या खोलीवर पाकिटं फोडली. ती वाचत होती, मी वहीत गुण उतरवत होते. एकोणिसाव्या पाकिटाला ती थांबली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

नववा प्रश्न. शेवटचा रकाना, जवळजवळ रोज. खूण जोर देऊन केलेली, कागद मागून उठलेला.

नाव नाही. मीच लिहिलं होतं नाव लिहू नका.

मॅडमना फोन केला तेव्हा पावणेनऊ झाले होते. त्यांनी फॉर्म पाकिटात घालून ठेवायला सांगितला. बाकीची पाकिटं आजच पूर्ण पाहा, पण फक्त नववा प्रश्न पाहा. पाहिली. आणखी एकात 'काही दिवस'. मग मॅडमनी कॉलेजच्या समुपदेशक ताईंना फोन लावला आणि उद्याचं ठरवलं. आज रात्रीपुरतं काकांना फक्त एवढं सांगितलं की गच्चीचं दार बंद ठेवा आणि तुम्ही स्वतः थांबा. काकांनी का म्हणून विचारलं नाही.

८ जानेवारी

सकाळी आठला मॅडमच्या घरी. दोन तास वाद झाला, तो जसाच्या तसा लिहायचा प्रयत्न करते.

मी : शोधता येईल. शाई हिरवट निळी आहे. पडण्याची वेळ पावणेचार लिहिलीय. काकांच्या हजेरीवहीत जाण्याची वेळ असते आणि सहीही असते. अक्षर जुळवलं तर अर्ध्या तासात सापडेल.

वर्गमैत्रीण : आपण लेखी शब्द दिलाय. अक्षरावरून माणूस शोधला हे एकाला कळलं की त्या खोलीतला कोणी पुन्हा कधी कुठल्या कागदावर खरं लिहिणार नाही. डॉक्टरकडेही नाही.

मी : आणि तो माणूस?

मॅडमनी दोघींचं ऐकून घेतलं. मग एक फरक सांगितला जो मला पाठ होता आणि समजलेला नव्हता. गोपनीय म्हणजे कोण ते आम्हाला माहीत आहे, आम्ही सांगणार नाही, फक्त जिवाला धोका दिसला तर सांगू. निनावी म्हणजे आम्हालाही माहीत नाही. दोन्हींनी माणसाला आडोसा मिळतो. पण निनावीत आपण परत जाण्याची वाट स्वतःच बुजवतो. वजन, उंची, आवडता विषय विचारायचा असेल तर बुजवावी. नववा प्रश्न विचारायचा असेल तर आधी विचार करावा लागतो की उत्तर आलं तर ते कोणाच्या हातात पडणार आहे. मी तो केला नव्हता. मला खरं उत्तर हवं होतं, आणि ते मिळाल्यावर त्याचं काय करायचं याची काहीच तयारी नव्हती.

ठरलं असं : शोधायचं नाही. एकाला गाठता येत नाही तर सगळ्यांना गाठायचं, आणि आजच. हजेरीवहीपर्यंत जायचं नाही हे मला अजूनही अवघड जातंय. मी मान्य केलं, पण सहज केलं नाही.

रात्री नऊला, मेस सुटल्यावर, ताई अभ्यासिकेत आल्या. सगळे उभे, काही जिन्यात. ताई पंधरा मिनिटं बोलल्या. म्हणाल्या की आलेल्या पाकिटांतून दिसतंय की इथल्या काहींना फार जड जातंय, इतकं की जगणं नको वाटतं. कोण ते आम्हाला माहीत नाही आणि आम्ही शोधणार नाही. तो तुम्ही असाल तर मी वरच्या खोलीत बारा वाजेपर्यंत आहे, उद्याही आहे. तो तुमचा शेजारी असेल असं वाटलं तर त्याला सरळ विचारा. विचारल्याने त्याच्या डोक्यात विचार येईल ही भीती बाळगू नका.

(याला आधार आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास २००५ मध्ये छापून आला. एका गटाला आत्महत्येबद्दल विचारलं, दुसऱ्याला नाही. विचारलेल्या गटात त्रास किंवा तसे विचार वाढलेले दिसले नाहीत.)

मागून एकाने विचारलं, "मॅडम, पोलीस केस होते का?" ताईंनी शांतपणे सांगितलं. मनात विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला जुन्या दंड संहितेतल्या कलम ३०९ ची भीती असायची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं आणि शिक्षेऐवजी त्याची काळजी सरकारने घ्यायची असं ठरवलं. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं कलम आलेलंच नाही. हे ऐकून खोलीतली हवा सैल झाली. सरकारी नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते, आणि ती भीती या पोरांच्या मनात किती खोल आहे हे मला त्या प्रश्नानंतर कळलं. आमच्या कुठल्याही प्रश्नावलीत ती नव्हती.

मग १४४१६. टेलिमानस, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ताईंनी सगळ्यांना तिथेच मोबाइलमध्ये नंबर भरायला लावला, नाव हवं ते द्या म्हणाल्या.

वर कोण गेलं ते आम्ही पाहिलं नाही. आम्ही दोघी जाणून-बुजून खाली चहाच्या टपरीवर थांबलो.

१० जानेवारी

ताईंना विचारलं, तो भेटला का? किंवा ती? त्या म्हणाल्या, "जे भेटले त्यांची पुढची सोय लावली आहे." किती जण, कोण, पाकीटवाला त्यात होता का, काही नाही. मी आणखी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला समजलं की आपण काकांसारखंच विचारतोय.

१४ जानेवारी, संक्रांत

दादा घरी गेला नाही म्हणून मी तिळगूळ घेऊन त्याच्या खोलीवर गेले. गेला आठवडाभर डोक्यात एकच होतं. दादाला फॉर्म दिला नव्हता, म्हणजे ते पाकीट त्याचं नाही. पण पाकीट नाही म्हणजे काही नाही, असं थोडंच असतं?

ताईंनी सांगितलं होतं तसं विचारलं. आडून नाही, 'तसलं काही मनात नाही ना' असंही नाही, कारण त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. "दादा, तुला कधी मरून जावंसं वाटतं का?"

तो बराच वेळ लाडवाचा कागद उलगडत राहिला. मग म्हणाला, "मागच्या निकालानंतर वाटलं होतं. पंधरा-वीस दिवस. आता नाही." मी विचारलं, तेव्हा काय करायचं ठरवलं होतंस का? नाही म्हणाला. कोणाला सांगितलं होतंस? नाही. "तुला सांगितलं असतं तर तू आईला सांगितलं असतंस." खरं आहे, सांगितलं असतं.

मी उपदेश केला नाही, तेवढं जमलं. नंबर त्याच्या मोबाइलमध्ये होता. तो स्वतःहून म्हणाला की ताईंना एकदा भेटतो. मग आम्ही डेक्कनपर्यंत चालत गेलो. परीक्षेबद्दल बोललो नाही, शेतातल्या विहिरीबद्दल बोललो.

ही नोंद दादाने वाचली आहे. ठेव म्हणाला.

२० जानेवारी

दुसऱ्या अभ्यासिकेचं काय? मला वाटत होतं नऊ प्रश्न ठेवावेत, फॉर्म गोपनीय करावेत, म्हणजे नावाऐवजी क्रमांक आणि क्रमांकांची यादी मॅडमच्या कुलुपात. संमतीपत्रात स्पष्ट लिहावं की जिवाला धोका दिसला तर आम्ही तुमच्याशी संपर्क करू. ताई हजर असतील त्याच दिवशी वाटावं आणि लगेच तपासावं. मॅडम नाही म्हणाल्या. पद्धत बरोबर आहे, पण ती चालवायला रोज माणूस लागतो, आणि पदवीच्या दोन विद्यार्थिनी म्हणजे तो माणूस नाही. पीएचक्यू-८ वापरा, बेरीज २४ पैकी, पहिल्या अभ्यासिकेचे गुणही आठ प्रश्नांवरच मोजा म्हणजे दोन्ही एका मापात येतील.

डिसेंबरात मला हे पळ काढणं वाटलं असतं. आता वाटत नाही. प्रश्न धोक्याचा म्हणून गाळत नाही आहोत. विचारल्यावर थांबायची आमची ऐपत नाही म्हणून गाळतोय. नंबर आणि ताईंचा वार मात्र दोन्हीकडे लावला.

३ फेब्रुवारी

आकडेमोड झाली. झोपेचा प्रश्न धरून केलेल्या बेरजेत संबंध ठळक दिसतो, वगळला की बराच उतरतो. वर्गमैत्रिणीची डिसेंबरातली शंका खरी ठरली, आणि अहवालातला सगळ्यात चांगला परिच्छेद तिचा आहे.

तुलनेसाठी महाराष्ट्राचा आकडा शोधत होतो. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने केलेलं २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यातला एक आकडा मात्र उतरवून घेतला : आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

मर्यादांमध्ये मॅडमनी एक ओळ घालायला लावली जी आम्हाला सुचली नव्हती. आम्ही अभ्यासिकेत बसलेल्यांनाच विचारलं. जे हरून गावी परत गेले, ज्यांची खुर्ची आता दुसऱ्या कोणाची आहे, ते आमच्या नमुन्यात नाहीत. परत न आलेल्या नऊ पाकिटांबद्दलही काही सांगता येत नाही.

१० फेब्रुवारी

निष्कर्ष एका पानावर साध्या मराठीत लिहून अभ्यासिकेत लावला. ज्यांनी वेळ दिला त्यांना आधी कळायला हवं, परीक्षकांना नंतर. काका पूर्ण वाचेपर्यंत उभे होते.

पानाखाली १४४१६ च्या चिठ्ठ्या आहेत, दुकानातल्या जाहिरातीसारख्या कापलेल्या, ओढली की हातात येते. आज गेले तेव्हा पट्टी नवीन होती. आधीची संपली म्हणून काकांनी स्वतः झेरॉक्स काढून आणली होती. कोणी नेल्या ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.